डावा डोळा आधी

धरमपेठेत डॉक्टर मनोहरराव वझलवारांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक रीत होती. बाईमाणसाचा डोळा आतून पाहायचा झाला की आधी डावा पाहायचा, मग उजवा. बाकी सगळीकडे उजव्यापासून सुरुवात होते, इथे मात्र डावा. एका नव्या कंपाउंडरने विचारलं की हे कुठलं शास्त्र, तर डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जयवंताबाईंना विचार." जयवंताबाईंना असलं काही विचारायची कोणाची छाती नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं. आता ती बाई नाही, डॉक्टरही नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

जयवंता टिमकीची, कोष्ट्याची लेक. टिमकीत हातमाग घरोघर होते, पण लुगड्याच्या काठाचा नकाशा काढणारे दोनचारच. तिचा बाप नत्थूजी त्यांतला एक. चौकटीच्या कागदावर तो बोरूने करवतीचे दाते काढायचा, मधे वेल सोडायचा आणि विणकर तो कागद मागावर टांगून काठ विणायचे. नत्थूजीला मुलगा नव्हता, म्हणून बोरू मुलीच्या हातात गेला. मुलीचा हात असा निघाला की एकदा पाहिलेली वेल ती आठ दिवसांनी जशीच्या तशी काढून देई. तिच्या आईला याचं भारी कौतुक आणि भारी काळजी, कारण असल्या मुलीला स्वयंपाकात गोडी नसते असं तिचं मत होतं. ते खरंही ठरलं.

लुगड्याला काठ दोन असतात. पण नकाशा निघतो एकाच काठाचा. दुसरा काठ म्हणजे पहिलाच, उलटून धरलेला. लहानपणी जयवंताने एकदा हौसेने दोन्ही काठ काढले, तर नत्थूजीने कागद टराटरा फाडला. "दोन काठ नवशिका काढते," तो म्हणाला. "कागद काय तुह्या मामाच्या घरून येते?" तेव्हापासून पोरगी एकच बाजू काढायची आणि दुसरी उलटून द्यायची. जाणता कारागीर यावरूनच ओळखतात, हे तिच्या हाडीमाशी भिनलं.

लग्न झालं ते तिथल्याच कवडूशी. कवडू चांगला विणकर, तोंडाचा जरा फटकळ, मनाचा मोकळा. गिरणीचं कापड बाजारात आलं तसा घरातल्या दोन मागांचा एक झाला. बायकोने चार पैसे मिळवले तर त्याला हवेच होते, फक्त ते कसे मिळतात यावर टोमणा मारल्याशिवाय त्याला राहवत नसे.

सन चौतीस-पस्तीसची गोष्ट असेल. डॉक्टरांच्या पत्नी कुसुमताई यांना त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्यासारखा काठ हवा होता. लुगडं इतकं विरलं होतं की हातात धरवत नव्हतं, मग टिमकीपर्यंत नेणार कसं? म्हणून जयवंता धरमपेठेत आली. तिने काठ उजेडात धरून पाहिला, लुगडं घडी करून परत दिलं आणि ओसरीवर बसून कागदावर सगळा काठ उतरवला. डॉक्टर दवाखान्यातून आत जेवायला येत होते. ते तिच्या मागे उभे राहिले. जेवण निवलं, कुसुमताईंनी दोनदा हाक मारली, तरी ते तिथेच.

त्यांची अडचण अशी होती. डॉक्टर कलकत्त्याला शिकून आले होते आणि येताना एक नवी चीज घेऊन आले होते. वीतभर दांडी, तिच्यात बॅटरी, वरच्या टोकाला बारीक दिवा आणि दिव्याजवळ एक भोक. रोग्याच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकून बाहुली मोठी करायची, खोली अंधारी करायची आणि त्या भोकातून आत पाहायचं. मग डोळ्याच्या मागचा पडदा दिसतो, त्यावरच्या रक्ताच्या नसा दिसतात. साखरेचा आजार असो, मूत्रपिंडाचं दुखणं असो, त्याची खूण कित्येकदा तिथे आधी उमटते. पण हे दिसायला पाहणाऱ्याचा डोळा आणि रोग्याचा डोळा यांत दोन बोटांचं अंतर लागतं. गालाला श्वास लागतो.

पुरुषांचं ठीक होतं. पण अंधारी खोली, लोटलेलं दार आणि परका पुरुष तोंडाजवळ तोंड नेऊन बसलेला, हे महाल नि सीताबर्डीसारख्या जुन्या वस्त्यांतल्या कोणत्या घरात चालणार होतं? बायकांना घेऊन आलेले लोक दांडी पाहूनच उठायचे. डॉक्टरांनी एका नर्सला शिकवलं. तिला पाहता येई, पण काय दिसलं विचारलं की ती म्हणे, "लाल दिसतं." एवढ्यावर औषध काय द्यायचं?

"बाई," डॉक्टर जयवंताला म्हणाले, "एक वेगळा नकाशा आहे. काढाल का?"

शिकायला फार जड गेलं. पहिल्यांदा तिला भोकातून स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग नुसता तांबडा उजेड. कुसुमताई बिचाऱ्या रोज डोळे पुढे करून बसायच्या. घरी तिने कवडूला धरलं. थेंबांनी त्याची बाहुली मोठी झाली आणि दिवसभर त्याला जवळचं सूत दिसेना. "तुह्या नोकरीपायी मी आंधया झालो वं," असं तो अख्ख्या गल्लीला सांगत फिरला.

आणि एक दिवस कुसुमताईंच्या डोळ्यात ते उघडलं. शेंदरी रंगाचं अंगण, एका बाजूला फिकट पिवळा चंद्र आणि त्या चंद्रातून निघून वरखाली पसरत गेलेले धागे. बारीक होते ते उजळ लाल, जाड होते ते काळपट. जयवंताला श्वास घेणं सुचेना. माणसाच्या आत असं काही असतं आणि ते आपल्याला कोणी इतके दिवस सांगितलं नाही, याचा तिला रागच आला. घरी आल्यावर तिने कवडूला सांगितलं, तर तो म्हणाला, "माह्या डोयात पण हाय का?" आहे म्हटल्यावर तो दोन दिवस जरा ताठ चालला.

झालं. जयवंता दवाखान्यात रुजू झाली. ती अंधाऱ्या खोलीत पाहायची आणि बाहेर येऊन रंगीत पेन्सिलींनी कागदावर दोन गोल भरायची, उजवा आणि डावा. डॉक्टर ते कागद पाहून निदान करायचे. "हे रक्ताचे ठिपके कुठे होते? चंद्राच्या वर? बरं, यांची लघवी तपासा." मालगुजारांच्या बायका, वकिलांच्या आया, सगळ्या येऊ लागल्या. जयवंताचा भाव वाढला. ती नवं पोलकं घालून टांग्यातून येते, असं टिमकीत नाक मुरडून बोललं जाऊ लागलं. खरं तर ती पायीच यायची, पण नाक मुरडणाऱ्यांना तेवढं कोण विचारतो?

आता तिची चूक. ती आळशी होती असं नाही. उजवा डोळा ती जीव ओतून काढायची, एकेक धागा मोजून. डाव्यात मात्र ती दिवा धरायची, चंद्र जागेवर आहे, मोठे धागे जागेवर आहेत एवढं पाहायची आणि कागदावर उजवाच उलटून उतरवायची. तिच्या लेखी डोळे म्हणजे काठच होते. देवाने एक काढला, दुसरा उलटून दिला. डॉक्टरांना शंका यायचं कारण नव्हतं, कारण बहुतेक डोळे असतातही तसे. उलट ते कौतुकाने म्हणायचे, "जोडी काय सुरेख जमते तुमची." ते ऐकून तिला नत्थूजी आठवायचा.

असं वर्षभर चाललं. मग मौद्याहून मालगुजार गोपाळराव बायकोसह आपल्या सुनेला घेऊन आले. सून पुष्पलता, रामटेकच्या एका मास्तरांची लेक, वीस-एकवीस वर्षांची. बोलली काहीच नाही. बोलली ती सासू. "उजवा डोया मंद हाय हिचा, लहानपणापासून. चष्म्यानं सुधरते काय पाहा." पुष्पलताने मान वर केली, काही बोलावंसं तिला वाटलं असावं, पण सासूने पदर नीट करायला सांगितलं आणि ते राहून गेलं.

अंधाऱ्या खोलीत जयवंताने उजव्या डोळ्यात पाहिलं आणि ती हरखलीच. पडद्याच्या मधोमध जुना डाग, कडेने काळा, आत पांढुरका, जन्मापासूनचा. असं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती पाहतच राहिली, परत परत. पोरीच्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. दाराबाहेरून सासू म्हणाली, "किती वेळ वं? दमणी जुंपून उभी हाय." जयवंताने घाईघाईने दांडी खाली ठेवली. डावा तर चांगलाच होता, त्याची कोणाची तक्रारही नव्हती. त्या दिवशी तिने डाव्यात दिवा धरलाच नाही. बाहेर येऊन उजवा डागासकट काढला आणि डावा त्यावरूनच उलटून, डाग वगळून.

डॉक्टरांनी कागद पाहिले आणि सांगितलं, उजव्याचा डाग जन्माचा आहे, चष्म्याने काही होणार नाही. डावा उत्तम आहे, त्याला जपा.

महिन्याभराने गोपाळराव पुन्हा आले. या खेपेला पुष्पलता चालताना उंबऱ्याला अडखळली, डाव्या बाजूच्या खुर्चीला धडकली. डाव्या डोळ्यापुढे खालून काळं वर चढतंय, असं नवऱ्याकरवी सासऱ्यांच्या कानावर गेलं होतं. जयवंताने डाव्यात दिवा धरला. वरचा शेंदरी रंग गेला होता. तिथे करडी, सुरकुतलेली घडी लोंबत होती आणि धागे त्या घडीवरून चढउतार करत गेले होते. पोरीने डोळा हलवला की ती घडी हलायची. पडदा सुटला होता. या वेळी जयवंताने जसं दिसलं तसं काढलं.

पुढचं बोलणं बाहेरच्या खोलीत झालं. मधलं दार उघडंच होतं. आत पुष्पलता डोळे मिटून बसलेली, तिच्याजवळ जयवंता पेन्सिली आवरत होती. दोघींना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पडदा सुटला आहे," डॉक्टर म्हणाले. "असाच राहिला तर डोळा जाईल. उजवा नसल्यासारखाच आहे, म्हणजे ती आंधळी होईल. पण कलकत्त्याला माझे गुरुबंधू आहेत, ते नवीन ऑपरेशन करतात. ताबडतोब नेलं तर पडदा जोडता येतो."

गोपाळराव वाईट माणूस नव्हता. पण हात पोळलेला माणूस होता. "डॉक्टरसाहेब, माह्या बहिणीचं असंच झालं होतं," ते म्हणाले. "मद्रासपर्यंत नेलं. पट्ट्या बांधून निजवलं, उताणं, हालू नको म्हणे. किती हाल झाले तिचे. अन् शेवटी म्हणाले दुखणं जुनं हाय, आता नाही होत. घरी आली अन् वर्षभरात खंगून मेली. हे जुनं असन तर मी पोरीचे हाल नाही करत, घरात बसून खाईन ती. नवं असन तर उद्याच्याच गाडीत बसवतो. तुमी एक सांगा, जुनं का नवं?"

"नवं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हा महिन्यापूर्वीचा डावा डोळा. साफ. हा आजचा. या महिन्यातच झालं आहे."

गोपाळरावांनी दोन्ही कागद निरखून पाहिले. "नक्की?"

"चित्र तुमच्या समोर आहे."

"मंग ठरलं. उद्याच्या मेलनं नेतो."

आत जयवंताला तो महिन्यापूर्वीचा कागद आठवला. तो साफ डोळा तिने पाहिलेलाच नव्हता. पडदा महिन्याचा सुटला की सहा महिन्यांचा, ते आता कोणालाच माहीत नव्हतं. तिने पुष्पलताकडे पाहिलं. पोरगी ताठ बसली होती, मिटल्या डोळ्यांनी, पदराचं टोक मुठीत धरून. जयवंताने पेन्सिली डब्यात टाकून झाकण लावलं. मंडळी महालात नातेवाइकांकडे उतरली होती, तिकडे निघून गेली.

संध्याकाळी दवाखाना आटोपला तरी जयवंता घरी जाईना. डॉक्टर ओसरीवर येऊन बसले तेव्हा ती खांबापाशी उभीच.

"काय हो, जयवंताबाई?"

"तो पहिला डावा डोया मी पाह्यलाच नव्हता, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. आजपर्यंत त्यांनी तिला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "मग काढलास कशावरून तू?"

"उजव्यावरून. उलटून."

"म्हणजे तू डोळा नाही काढलास. काठ काढलास." ते उठले, टोपी घातली, फाटकापर्यंत गेले. फाटकाला हात लावून बराच वेळ उभे राहिले आणि परत येऊन बसले. "गोपाळरावांना आता हे सांगितलं तर ते तिला नेणार नाहीत. न सांगावं तर मी खोटा."

"मले सांगू द्या. माही चूक हाय. जोडे मारू द्या त्यायले."

"तुझं मन हलकं होईल आणि त्या पोरीचा डोळा जाईल. गप्प बस." मग त्यांनी विचारलं, "आज पाहिलास तो पडदा हलत होता का ताठ होता? खरं सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण."

"हालत होता. दोरीवरचं ओलं धोतर हालते तसा."

"त्यावर पांढऱ्यापिवळ्या रेघा?"

"नव्हत्या. मी पाह्यलं."

"मग फार जुनं नसावं. आशा आहे." त्यांनी कपाळ चोळलं. "कलकत्त्याला मी खरं काय ते लिहितो. गोपाळरावांना मात्र गाडीत बसू दे. उद्या सकाळी तू महालात जा. पडद्याला कुठेतरी भोक असतं, तिथूनच तो सुटतो. ते शोध. ऑपरेशनमध्ये तापलेली सुई त्या भोकावरच टेकवावी लागते, बाजूला लागली तर चांगला पडदा जळतो. तो डॉक्टर स्वतः पाहीलच, पण प्रवासात पडदा आणखी लोंबतो आणि भोक घडीत दडतं. मग तुझ्या चित्रावाचून त्याला वाट नाही."

कलकत्त्याचा डॉक्टर पुरुषच होता, पण त्याची गोपाळरावांना चिंता नव्हती. कलकत्त्यात मौद्याचं कोणी राहत नव्हतं.

त्या रात्री जयवंता जेवली नाही. कवडूने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिने सगळं सांगितलं. या वेळी त्याने टोमणाही मारला नाही. "तुह्या बापानं कागद फाडला नसता तर बरं झालं असतं," एवढंच तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

सकाळी ती महालात गेली. मागच्या खोलीच्या खिडकीला गोधड्या लावून अंधार केला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुष्पलता उताणी निजली होती. भिंतीपलीकडे गोपाळराव कोणाशी तरी गाडीच्या तिकिटांचं बोलत होते. जयवंता तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसली, दिवा लावला आणि तिला राहवेना.

"बाई, मले तुमाले एक सांगायचं हाय. पहिल्या खेपेले मी..."

"काही बोलू नका," पुष्पलता हळूच पण पटकन म्हणाली. "चित्र काढा."

जयवंताला वाटलं, पोरगी भ्यालेली आहे, तिला जास्त त्रास नको. तिने दिवा धरला. वर पहा, म्हणाली. कानशिलाकडे पहा, नाकाकडे पहा. एकेक धागा धरून ती कडेपर्यंत जायची आणि परत यायची. पोरीला विसावा द्यायची आणि पुन्हा धरायची. पाठ भरून आली, गुडघे बधिर झाले. सासू दाराशी येऊन "झालं का वं?" म्हणाली, तर जयवंता म्हणाली, "नाही झालं," आणि अशा आवाजात म्हणाली की सासू आल्या पावली परत गेली. शेवटी वर, कानशिलाच्या बाजूला, घडीच्या आड ते दिसलं. घोड्याच्या नालेसारखी फाट, आतून लालभडक. तिने ते काढलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा काढलेल्याशी ताडलं. मग कागद गुंडाळून गोपाळरावांच्या हाती दिला आणि घरी न जाता सरळ शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठाशी जाऊन बसली. तिथे तिला पोटभर रडता आलं.

पुढे कित्येक दिवस डॉक्टर तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. दांडी त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. जयवंता येऊन बाटल्या धुवायची, ओसरी झाडायची, जायची. पण बायका येतच होत्या आणि परत जात होत्या. एक दिवस डॉक्टर बाटल्या धुणाऱ्या जयवंतापाशी आले, हातात तार होती. "चिकटला," ते म्हणाले. "भोक घडीत गेलं होतं. चित्रावरून सापडलं." आणि कपाटाची किल्ली तिच्यापुढे ठेवून आत गेले. जयवंताने ओल्या हातांनीच तोंड झाकून घेतलं.

तेव्हापासून डावा आधी. ही रीत तिची तिनेच घातली. कवडू म्हणाला, "अन् मंग उजवा उलटून काढशीन, नाही का?" बोलणं बिनतोड होतं. पण ती उजवाही तितकाच पाहायची. एका रोग्याला आता दुप्पट वेळ लागायचा, बाहेर गर्दी कुरकुर करायची, आणि डॉक्टर त्या गर्दीला घरी जायला सांगायचे. जोड्या पूर्वीसारख्या सुरेख जमेनात. कधी डाव्यातला धागा जरा वाकडा निघे, कधी उजव्यातला चंद्र मोठा. डॉक्टर आता जोडीचं कौतुक करत नसत.

पुष्पलता दरवर्षी पोळा झाला की यायची. डाव्या डोळ्याने ती तांदळातले खडे निवडायची, वाचायची. खालच्या कोपऱ्यात एक सावली राहिली होती, तिच्याशी तिने जुळवून घेतलं होतं. तिला मुलगी झाली, मग मुलगा झाला. सासू नेहमी बरोबर असायची. जयवंता दर वर्षी तिच्या डोळ्यात पाहायची आणि दर वर्षी मनात म्हणायची, आज सांगू. सांगायची नाही. आता त्या सांगण्याने कोणाचं काय भलं होणार होतं? आणि न सांगण्याने ती स्वतः आतून कुरतडली जात होती, तेही तिला मान्य होतं. वर्षंच्या वर्षं अशी गेली. लढाई लागली आणि संपली, पेन्सिली मिळेनाशा झाल्या आणि पुन्हा मिळू लागल्या. जयवंताचे केस पांढरे झाले.

लढाई संपल्यावर एक वर्षी पुष्पलता नवऱ्याबरोबर आली, सासू नव्हती. कपाळावर मोठं कुंकू, अंगावर करवतकाठी लुगडं. अंधाऱ्या खोलीत जयवंताने तिच्या डाव्या डोळ्यात दिवा धरला. सुईच्या जागी राहिलेले पांढरे ठिपके जागच्या जागी होते, पडदा घट्ट बसलेला होता.

"मामाजी वारले उन्हाळ्यात," पुष्पलता सासऱ्यांबद्दल म्हणाली. "ते असेपर्यंत बोलता येत नव्हतं. आता सांगते. त्या पहिल्या खेपेला तुम्ही या डोळ्यात दिवा धरलाच नव्हता."

जयवंताचा हात होता तिथेच थांबला.

"मी डावाच दाखवायला आले होते, बाई. दिवाळीपासून त्यात सावली होती. सासूबाईंनी उजव्याचं सांगितलं. मला वाटलं, तुम्ही डाव्यात पाहाल तेव्हा तुम्हाला हळूच सांगेन. तुम्ही पाहिलंच नाही."

"मंग पुढच्या खेपेले काहून नाही बोलल्या?" जयवंताने विचारलं.

"डॉक्टर म्हणाले चित्रात साफ आहे, म्हणजे नवं आहे. मामाजी म्हणाले नवं असेल तर नेतो. मी तोंड उघडलं असतं तर गाडीत कोणी बसवलं असतं मला? त्या सकाळी तुम्ही सांगायला निघालात, भिंतीमागे मामाजी. माझा जीव नुसता टांगला होता. म्हणून म्हटलं, बोलू नका."

जयवंताने दांडी मांडीवर ठेवली. दिवा जळतच होता, तिच्या लुगड्यावर वाटोळा उजेड पडला होता. इतकी वर्षं तिला वाटायचं की या अंधाऱ्या खोलीत पाहणारी आपण एकटीच. ती पदराने डोळे पुसत राहिली, पण ते थांबत नव्हते.

"माह्यावर राग नव्हता तुमचा?"

"होता की," पुष्पलता म्हणाली. "थोडा अजून आहे. पण दुसऱ्या कोणाला हा डोळा दाखवावासा वाटत नाही."

बाहेरून नवऱ्याने खाकरून विचारलं, झालं का. पुष्पलता उठू लागली. "डावा तर पाहून झाला. उजव्याचं काय, तो दरवर्षी तसाच असतो."

"बसा," जयवंता म्हणाली. "तो पाह्यचा राह्यला." तिने नाक पुसलं, दांडी उचलली आणि दिवा उजव्या डोळ्यात धरला.